लसावि एकशेवीस

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड जे कॅलेंडर टांगलंय, त्यावर तीन रंगांत लिहिलेलं असतं. लाल पेनानं दुधाचे खाडे, काळ्यानं सिलिंडर लावल्याची तारीख, आणि निळ्यानं नुसतं ‘पा’. पा म्हणजे पाणी. परगावच्या माणसाला तो पाडवा वाटतो, नाहीतर पार्लर. आमच्या गल्लीत नळाला सहाव्या दिवशी पाणी येतं, आणि ही उन्हाळ्यातली चांगली परिस्थिती समजली जाते. गावाचं नाव राहू द्या. परभणी आणि जालन्याच्या मधल्या कुठल्याही स्टेशनावर उतरलात तरी चालेल.

कॅलेंडरचं सांगायचं कारण, आम्ही चौघी मैत्रिणी मे महिन्यात दोन दिवस शहरात फिरायला जायचं ठरवतोय.

विषय निघाला तो कुरडया करताना. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक घोटून घोटून हात गळ्यात आले होते, गच्चीवर पाय ठेवू देत नव्हतं ऊन, आणि आमच्यातली बँकवाली एकदम म्हणाली, “शनवार-आइतवार कुठंतरी जाऊ माय. नुसतंच. लग्न नाही, बारसं नाही, दवाखाना नाही.” आम्ही तिच्याकडं बघतच राहिलो. साठीच्या अलीकडं-पलीकडं पोचलेल्या आम्ही बाया. आमच्या आयुष्यात विनाकारण केलेला प्रवासच नव्हता. जिल्ह्याला गेलो तर तारखेला, पुण्याला गेलो तर बाळंतपणाला.

कुठं जायचं, यावर फार वाद झाला नाही. महाबळेश्वर लांब. म्हैसमाळचं नाव पावसाळ्यात काढायचं. आणि आम्हाला मुळात थंड हवा नकोच होती, गजबज पाहिजे होती. रात्री दहाला उघडी दुकानं, दिव्यांचा झगमगाट, कुणी ओळखीचं भेटणार नाही अशी गर्दी. म्हणून छत्रपती संभाजीनगर. (आमच्या पिढीच्या जिभेवर अजून मधूनच औरंगाबाद येतं.) माळकरी मैत्रिणीनं लगेच घृष्णेश्वर आणि खुलताबादचा भद्रा मारुती जोडून टाकला. तो आम्ही तिथल्या तिथं तोडला. वेरूळ शाळेच्या सहलीत पाहिलं, सासरच्या पाहुण्यांना दाखवलं, मुलांना दाखवलं. आता कैलास लेण्याला आमची ओळख पटत असेल. या वेळी देव नाही, लेणी नाही, नुसतं शहर.

मग प्रश्न आला, कधी.

इथं गणिताच्या बाई कामाला आल्या. बाई म्हणजे आमचीच वर्गमैत्रीण, पण तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळं आम्हीही तिला बाईच म्हणतो. तिनं एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागं चौघींच्या नळाचे दिवस मांडले. माझं सहाव्या दिवशी, बँकवालीचं पण सहाव्या, माळकरणीचं आठव्या, आणि बाईंची कॉलनी टाकीपासून लांब, म्हणून दहाव्या. बाईंचं म्हणणं असं की चौघींचं पाणी एकाच दिवशी येतं तो दिवस गाठायचा. सगळ्यांचे हौद भरले, की दुसऱ्या दिवशी निश्चिंत निघायचं. मेच्या सुरुवातीला एकदा तसं झालंही होतं. तेव्हा त्या दिवसापासून मोजा.

“सहा, आठ, दहा. लसावि काढ,” बाई मला म्हणाल्या. चाळीस वर्षांनी कुणीतरी मला लसावि विचारत होतं. मी बोटं मोडायला लागले तोवर त्यांनीच खाली लिहिलं: 120.

“म्हणजे?”

“म्हणजे एकशेवीस दिवसांनी.”

बँकवालीनं मोबाइलवर मोजलं. ते भादव्याच्या आसपास जात होतं. भादव्यात घरोघर महालक्ष्म्या बसतात, तेव्हा बाईमाणसानं घर सोडायचं तर महालक्ष्म्याच मागं यायच्या. आम्ही हसून हसून चिकाच्या पातेल्यावर पडायच्या बाकी होतो. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना उत्तर बरोबर आल्याचं समाधान होतं.

शेवटी लसावि बाजूला ठेवून कॅलेंडरवर बोट फिरवत गेलो. मेचा चौथा शनिवार सापडला. बँकेला सुट्टी, माझं ‘पा’ गुरुवारी, बाकीच्यांचंही अलीकडं-पलीकडं. तेवढीच एक फट. एरवी लोक जाण्याआधी हवामान बघतात. आमच्याकडं बघायचं काय? पारा 43 असेल नाहीतर 44. तो आमच्याशी प्रामाणिक आहे. नळाचं तसं नसतं.

राहायचं कुठं, हा त्याहून नाजूक प्रश्न. बँकवालीची नणंद सिडकोत राहते, मनानं चांगली आहे, “अगं या की, घर रिकामंच आहे” असं चारदा म्हणाली. पण तिच्याकडंही नळ रोज येत नाही. पैठणचा नाथसागर तिथून पन्नासेक किलोमीटरवर, शहराची तहान त्याच्यावरच, आणि तरी तिच्या गच्चीवर दोन काळ्या टाक्या आणि खाली टँकरवाल्याचा नंबर. उन्हाळ्यात पाहुणा म्हणजे चार बादल्या. आम्ही चौघी, दोन दिवस. बत्तीस बादल्या कुणाच्या जिवावर? नणंदेला खोटंच सांगितलं की बँकेचंच काहीतरी आहे, लॉजची सोय आहे.

लॉजला फोन मी केला. एसी आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं. पहिलं वाक्य तोंडातून आलं, “पाणी चोवीस तास का?” पलीकडचा पोरगा म्हणाला, “हो मॅडम, गरम पण.” मी म्हणलं, गरम पाणी आमच्याकडं टाकीतच येतं बाबा, गार सांग. मग बँकवालीनं फोन ओढून घेतला. तिला एकच जाणून घ्यायचं होतं. शॉवर चालू आहे का? नुसता भिंतीवर लावलेला नको, चालू पाहिजे. तिची या सहलीकडून तेवढीच अपेक्षा आहे. पंधरा मिनिटं शॉवरखाली उभं राहायचं आणि बादली मोजायची नाही. हे सांगताना तिनं आवाज बारीक केला होता, जणू देशी दारूबद्दलच बोलत होती.

जायचं कसं, यावर मात्र जुंपली. सकाळी लवकर मराठवाडा एक्सप्रेस आहे. पण तिच्यात खंडपीठात तारीख असलेले पक्षकार फायली मांडीवर घेऊन बसलेले असतात आणि मानवत रोडपासून जालन्यापर्यंत बांधाच्या भांडणाच्या गोष्टी ऐकाव्या लागतात. मला त्या आवडतात, माळकरणीला नाही. एसटीच्या बाजूनं एकच मुद्दा, पण भक्कम: 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. लहानपणी अर्ध्या तिकिटासाठी आई आमचं वय चोरायची. आता कंडक्टर आपणहून देतो. पण मे महिन्यात अकरा वाजता लाल गाडीचा खिडकीचा गज हाताला लागला, तर वाचलेल्या निम्म्या पैशांचं मलम आणावं लागतं. तेव्हा जाताना रेल्वे, येताना संध्याकाळची एसटी.

दुपारी बारा ते पाच काय करायचं, हा उन्हाळ्यातल्या शहराचा खरा पेपर. बाईंनी प्रोझोन मॉल सुचवला: काही घ्यायचं नाही, बाकावर बसायचं, कुणी उठवत नाही. मला पाणचक्की पाहिजे होती. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचं ते आवार. डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेलं पाणी वरून कोसळायचं, त्यावर चक्की फिरायची आणि फकिरांसाठी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पीठ दळलं जायचं. चक्कीपेक्षा मला तिथला हौद आवडतो. त्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. डोक्यावर पाणी घेऊन माणसं उन्हाळ्यात गारव्याला बसायची! आमच्याकडं स्लॅबवर टाकी असते ती अशी तापते, की खालच्या खोलीत कुणी बसत नाही.

त्याच्याही आधीची गोष्ट मलिक अंबरची. हबशी माणूस, गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा वजीर झाला. 1610 मध्ये त्यानं खडकी गाव वसवलं, तेच हे शहर. नावच खडकी! अशा जागी गाव वसवायचं तर आधी पाण्याचं बघावं लागतं, हे त्याला कळत होतं. त्यानं जमिनीखालून नहर खेळवली. मी हे सगळं उत्साहानं सांगितलं तर माळकरीण म्हणाली, “मंग त्याच्या गल्लीत कितव्या दिवशी यायलं होतं?”

संध्याकाळ मकबऱ्यात. त्याला लोक गरिबाचा ताजमहाल म्हणून हिणवतात. मला त्यातली एकच गोष्ट पाठ आहे. औरंगजेबाच्या मुलानं, आझमशहानं, आई दिलरस बानूसाठी तो बांधला आणि खर्च आला म्हणतात 6,68,203 रुपये आणि 7 आणे. सात आणे! लाखांच्या बांधकामात सात आणे लिहून ठेवणारा कुणीतरी कारकून होता. आमची बँकवाली त्याच वंशातली. सहलीचा खर्च भिशीतून आहे आणि तिनं आत्तापासून वहीत ‘पान – 4, सुटे नसल्यास 5’ असं लिहून ठेवलंय.

रात्र गुलमंडीची. पैठण गेटकडून चालत निघायचं, औरंगपुऱ्यातून, जिथं दुकानदार “या ताई, बसा, नुसतं बघा” म्हणतो तिथं खरंच नुसतं बघायचं. हिमरूची शाल मेमध्ये कुणी घेत नाही, म्हणूनच ती तेव्हा निवांत उलगडून दाखवतात. रेशीम आणि सूत एकत्र विणलेलं ते कापड हाताखालून गेलं की थंडी वाजल्यासारखं वाटतं. तापडियात किंवा एकनाथ रंगमंदिरात नाटक असेल तर नाटक, नसेल तर कुल्फी.

आणि नान खलिया. यावर एक बैठक स्वतंत्र झाली. तंदूरचं पिवळंधमक नान, सोबत मटणाचा रस्सा. इतकं या शहरात येऊन खायचं नाही तर कुठं? पण आमच्यातल्या दोघी शनिवार पाळतात. म्हणून खलिया रविवारी दुपारी. माळकरीण शेजारच्या टेबलावर पाठ करून दहीभात खाणार. शनिवारी रात्री तिनं गुलमंडीत सुपारी मारुतीसमोर दोन मिनिटं थांबायचं, अशी तडजोड झाली. म्हणजे देव आलाच.

सगळं ठरलं. लॉजला पैसे पाठवले.

गुरुवारी ‘पा’ होतं. रात्री तीनपर्यंत जागी राहिले. नळ नुसता सूं सूं करत राहिला. सकाळी पाणी सोडणारा सायकलवरून ओरडत गेला: पाइप फुटलाय, दोन दिवस पुढं. म्हणजे शनिवार. रात्री.

बँकवालीचा फोन. “कामून गं, येतीस का न्हाई?”

मी वहीचं पान फाडून लिहायला बसले. पहिली दहा मिनिटं गढूळ येतं, ते झाडांना आणि फरशीला. मग हौद. हौदात वीतभर आल्याशिवाय टिल्लू मोटार लावू नये. मग वरची टाकी. ओसंडली की तिसऱ्या घराच्या काकू ओरडतात, तेव्हा बंद करावी. पिंपाला फडकं बांधावं. तांब्याचा हंडा चिंचेनं घासून पालथा ठेवलाय, तोही भरावा. पिण्यासाठी जार आहे, त्यात हे पाणी घालू नये. अलार्म दोनचा लावावा, परत अडीचचा.

ह्यांनी कागद चष्मा लावून वाचला. पोराच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना वाचायचे तसा. मग म्हणाले, “वीतभर म्हणजे तुझी का माझी?”

“माझी.”

त्यांनी पेन घेऊन वीतच्या पुढं ‘हिची’ असं लिहिलं आणि कागद मोटारीच्या बटणाशेजारी चिकटवला. मी आत जाऊन पिशवीत टॉवेल ठेवला. मग तो काढून मोठा ठेवला.