ओसरीवरची बँक

लिलाँग्वे जिल्ह्यातल्या त्या गावात बायकांच्या बचतीच्या वाटपाचा हिशेब तपासायला पोहोचले तेव्हा नोव्हेंबर 2023 अर्धा सरला होता. मलावीच्या रिझर्व्ह बँकेने क्वाचाचं अवमूल्यन नुकतंच केलेलं. 1,180 क्वाचांचा डॉलर 1,700 वर गेला होता.

हा प्रकार आपल्या बचत गटाच्या नात्यातलाच. तिकडचं नाव ‘बँक म्खोंडे’, ओसरीवरची बँक. पत्र्याची पेटी, तिला तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे, पेटी चौथीच्या घरी. आठवड्याला एक ते पाच शेअर घ्यायचे. शेअर 500 क्वाचांचा, प्रत्येकाचा पासबुकात एक शिक्का. बचतीच्या तिप्पट कर्ज, व्याज महिन्याला 10 टक्के. पेरणीच्या तोंडावर पेटी रिकामी करून सगळं वाटून टाकायचं, कारण बियाणं-खत तेव्हाच घ्यावं लागतं.

चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, अंथरून दोघींनी नोटा मोजल्या : 16,17,000. चाळीस बैठका, बावीस जणी, शिक्के 2,310. शेअरमागे बरोबर 700. टाळ्या पडल्या.

मग मी पासबुकं शेजारी शेजारी ठेवली. दुकानवालीचे 200 शिक्के, हाती 1,40,000. दुसऱ्याच्या शेतात ‘गान्यु’ला, म्हणजे रोजंदारीला जाणारीचे 40, हाती 28,000. वीस हजारांवर आठ हजार सुटले, वाईट काय? कर्जाची वही उघडल्यावर कळलं. फेब्रुवारीत घरातला मका संपला तेव्हा तिचे शिक्के सहाच, म्हणून कर्ज 9,000 च्या वर मिळेना. चार महिन्यांचं व्याज 3,600. पुढे 12,000 तीन महिन्यांसाठी, पुन्हा 3,600. आठ हजारांतले 7,200 तिचेच तिला परत मिळाले होते! व्याज भरते कर्ज काढणारी, नफा वाटतात शिक्क्यांवर. गोम इथे आहे. वहीत खाडाखोड नव्हती, चोरी तर नाहीच.

दुकानवालीने सप्टेंबरात मोठं कर्ज उचलून खत जुन्या भावात भरून ठेवलं होतं. गान्युवालीच्या 28,000 त 50 किलोची एक गोणीही येईना.

अडीनडीच्या निधीतून फेब्रुवारीत बिनव्याजी मका-कर्ज द्यावं, असं मी सुचवलं. दुकानवाली म्हणाली, “मग पेटी भरणार कशाने?” प्रश्न खोटा नव्हता. तासभर वाद झाला, शेवटी 10,000 पर्यंत ठरलं.

नव्या वर्षाचे शिक्के त्याच दुपारी पडले. गान्युवालीने एकच घेतला.