पाणी तोडलं होतंस ना?

चैत्र शुद्ध द्वितीया, सकाळ

मोगऱ्याच्या कळ्या अकरा. दोनदा मोजल्या. त्यातल्या दोन जांभळट पडल्यात, देठाशी टाचणीएवढं भोक, म्हणजे आत अळी. खुडून चुरगाळून टाकल्या. राहिल्या नऊ. चैत्र लागला आणि अख्ख्या बटमोगऱ्याला नऊ कळ्या.

काल फोनवर आईनं विचारलं, "पाणी तोडलं होतंस ना गं?" आणि मी म्हणाले, "हो." पुढं ती लिफ्टचं काहीतरी सांगत होती, दादाकडच्या पाचव्या मजल्यावरचं ऊन, कठड्यावरची तुळस. माझं सगळं लक्ष त्या ‘हो’पाशीच. इतकं पटकन कसं आलं तोंडातून?

तोडलं नव्हतं. मोगऱ्याचं पाणी जानेवारीच्या सुरुवातीला बंद करायचं असतं, झाडाला विश्रांती म्हणून, आणि आपल्या सांगलीच्या काळ्या मातीत दोन-तीन आठवडे तरी, कारण ही माती ओल सोडत नाही. पानं मलूल होतात, पिवळी पडून गळायला लागतात, झाड गेलंच असं वाटतं. तिथंच माझा धीर सुटला. सहाव्या की सातव्या दिवशी संध्याकाळी बादली ओतली. मग छाटायचं राहिलं. मोगऱ्याची कळी येते नव्या फुटीच्या टोकाला, आणि विश्रांती नाही, काप नाही, तर नवी फूट येईलच कुठून? जुनीच काडी लांबत गेली. पानं मात्र अशी हिरवीगार की येणारा-जाणारा म्हणतो, काय छान ठेवलंय झाड!

वर पाव वाटी युरिया. तोही माझाच शहाणपणा. पानांना आणखी काय हवं?

दादा विचारतो, "फुलं आली का?" बस, तेवढंच. दिवसाआड नळ, कढीलिंबाखालचा पाला, अनंताच्या पानांवरचा पिठ्या ढेकूण, हे कुणी विचारत नाही. तिथं बसून विचारायला काय जातं! त्या कागदांचंही अजून... जाऊ दे, आज तो विषय नको.

पण मग ‘हो’ का म्हणाले? रागवली असती म्हणून? ती रागवत नाही. ती नुसतं "बरं" म्हणते. तेच नको होतं बहुतेक.

दुपार

उद्या तीज, गौर बसेल. पाळण्यात ठेवायला कळ्या विकत आणाव्या लागणार, घरात मोगरा असताना. कैऱ्या मात्र परसातल्याच, आंबेडाळीपुरत्या निघतील. वाटीभर हरभऱ्याची डाळ भिजवायची चार-पाच तास, निथळून भरडच वाटायची. गंध झाला की संपलं.

मघाशी पानं बाजूला सारून खोड पाहिलं. जमिनीपासून दोन वितींवर, सगळीकडे तेवढ्याच उंचीवर, गाठी आहेत. दर वर्षीच्या कापाच्या. साल कडेनं फुगून आत वळलेली, मधे करडं लाकूड, आणि प्रत्येक काप तिरका, उतार बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या, म्हणजे फूट निघते त्या जागेच्या, जेमतेम पाव इंच वर. पाणी डोळ्यावर साचू नये म्हणून. हे सगळे काप आईचे. तिची वीत माझ्याहून आखूड आहे. मी मोजलं तर दोन विती होत नाहीत, दोन बोटं कमीच पडतात.

हे झाड मूळचं नव्हेच. मूळचं २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात गेलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर. परसात इतके दिवस तुंबलं की मुळं कुजली. हे आहे दाब कलम, गच्चीवर कुंडीत असलेलं म्हणून वाचलेलं. पावसाच्या तोंडाला पेन्सिलीएवढी फांदी वाकवायची, डोळ्याखाली बोटभर तिरका काप, कापात काडी, म्हणजे तो मिटत नाही. वर चार बोटं माती आणि दगड. दोनेक महिन्यांत मुळं धरतात. दगड काढून बघायचा मोह झाला की कलम गेलं. माझी तीन अशीच गेली.

ते ‘हो’ अजून टोचतंय.

संध्याकाळ

शेवटी सिकेटर, छाटणीची कात्री, काढलं. खरं तर ही वेळ नव्हे. जानेवारी-फेब्रुवारीत पानं ओरबाडून दीड फुटावर आणता येतं, आळं उकरून मुळांना ऊन दाखवता येतं, मग झाडामागं आठ-दहा किलो शेणखत. आता हे केलं तर उघडं खोड भाजेल. म्हणून फक्त तिसरा हिस्सा, शेंड्याकडचा. आत वळलेल्या आणि वाळक्या काड्या बुडापासून. कळ्या असलेल्या फांद्यांना हात लावला नाही. खत ओंजळभर निंबोळी पेंड, बास. पाणी उद्या सकाळी, मग माती बोटभर सुकल्यावरच.

उन्हाळ्यात फूट लवकर येते. छाटल्यावर कळी दिसायला साधारण चार ते सहा आठवडे धरायचे. अक्षय्य तृतीया महिन्यावर. म्हणजे गौर उठेल त्या दिवशी ओंजळभर असतील, नाहीतर ती गेल्यावर बहरेल आणि मी एकटीच गजरे करत बसेन. बसेन की! वास कुणासाठी थांबत नसतो, आणि मलाही गजरे चालतात.

सिकेटर बोथट होतं. चार काप आडवेच गेले, एकाची साल सोलली. ते पुन्हा तिरके केले, तर आणखी दोन बोटं खाली आले. आता उंची तिच्या वितीची नाही, माझ्या हाताची म्हणायची.

फोटो काढला. छाटलेलं झाड, नीट, स्वच्छ, मागं भिंत. पाठवून दिला. म्हटलं, हे बघून तरी...

आई लिहीत नाही, बोलून पाठवते. चौदा सेकंद.

"कोपऱ्यात ढीग दिसतोय त्याची पानं बघ किती गर्द आहेत. आणि पेरं केवढं लांब. पाणी तोडलं नव्हतंस तू." मग थोडं थांबून, मागं दादाकडचा टीव्ही चालू, "बरं. आळ्यात पाचोळा घाल, ऊन फार आहे. आणि सिकेटर पुसून ठेव, चीक वाळला की गंजतं."

फोटोत ढीग आला होता हे मी पाहिलंच नव्हतं.

सिकेटर तसंच पायरीवर पडलंय. फडकं आणि तेलाची बाटली शोधते.