मे महिन्याची जपमाळ, वैशाखाच्या उन्हात

युरोपात मे म्हणजे ऐन फुलांचा महिना, म्हणून तो तिकडे मरियामातेच्या नावे झाला. आपल्याकडे तेव्हा वैशाख वणवा. तिकडचा थाट जसाच्या तसा इथे आणला की फसतो. पण दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत: मोगरा याच दिवसांत बहरतो, आणि ऊसतोडीला गेलेली घरं तोवर गावी परतलेली असतात.

म्हणून जपमाळ, म्हणजे मणी मोजत म्हणायची मरियेची प्रार्थना, चर्चमध्ये बसून न करता वस्तीवर, दारोदार करावी. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सुटताच कुठल्या दिवशी कुणाचं घर, ही यादी लिहून घ्या. लगीनसराई असते, हळदीच्या आणि लग्नाच्या तारखा आधी विचारल्या नाहीत तर ऐन दिवशी घराला कुलूप सापडतं. ३१ घरं भरत नसतील तर शनिवार चर्चसाठी ठेवा. वेळ साडेसातच्या पुढची. पत्र्याची खोली रात्री नऊपर्यंत भट्टीसारखी असते, तेव्हा सडा मारून अंगणातच बसावं. मेणबत्ती उन्हात ठेवली तर संध्याकाळपर्यंत वाकते; दिवसभर ती माठाशेजारी सावलीत ठेवा. लाईट गेली तर वारा असतोच, म्हणून काचेचा कंदील हाताशी हवा.

पाच दशकं (दहा-दहा ‘नमो मरिये’चे गट), लितानी (मरियेला एकेका नावाने मारायच्या हाका) आणि एक गीत एवढ्याला ३५-४० मिनिटं पुरतात. त्यावर प्रवचन चढवलं की दुसऱ्या आठवड्यात माणसं गळतात. प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग, म्हणजे रहस्य, मनात धरतात: सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची.

गोंधळ होतो तो ‘नमो मरिये’त. एक बाजू सुरू करते, दुसरी ‘पवित्र मरिये’ म्हणते. फाटकाजवळ उभी असलेली मंडळी अर्धा शब्द मागे पडतात आणि दशक संपेपर्यंत नुसता गलका होतो. पुढारपण करणाऱ्याने मधोमध बसावं आणि मागच्यांचं ‘आमेन’ कानावर पडल्याशिवाय पुढची सुरू करू नये. लहान पोर म्हणत असताना चुकून अकरावी झाली तर होऊ द्या. थांबवून मोजणारे काका जास्त व्यत्यय आणतात.

लितानीची जुनी पुस्तिका वापरत असाल तर पेन घेऊन बसा. २०२० मध्ये तीन नव्या हाका तिच्यात आल्या: दयेची माता, आशेची माता आणि स्थलांतरितांचा दिलासा. ही तिसरी ‘पाप्यांचा आश्रय’ याच्या लगेच पुढे लिहायची. मुकादमाकडून उचल घेऊन, सहा महिने ऊसतोडीच्या झोपडीत, कोपीत काढून, कोयता खाली ठेवून आलेल्या बाईच्या अंगणात ती ओळ गाळली जाते, याहून मोठी चूक या महिन्यात दुसरी नसेल. जमलं तर ती त्याच घरातल्या कुणाला म्हणायला द्या.

पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे ईस्टर धरून पन्नासाव्या दिवसापर्यंत, पुनरुत्थानकाळ चालू असतो. तोवर रोजच्या देवदूताच्या प्रार्थनेच्या जागी ‘स्वर्गाच्या राणी’ ही प्रार्थना म्हणायची. मिस्सा चालू असताना बाजूला जपमाळ म्हणू नये, हे १९७४ मध्ये पोप सहाव्या पौलांनी स्पष्ट सांगितलेलं आहे. ३१ मे हा एरवी मरियेने एलिझाबेथला दिलेल्या भेटीचा सण. २०२६ मध्ये मात्र त्या दिवशी त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा) रविवार आहे, तेव्हा मिस्सा त्रैक्याचीच. मरियेच्या मूर्तीला फुलांचा मुकुट संध्याकाळच्या जपमाळेनंतर घालावा.

मुकुटाचं माप दोऱ्याने घ्या, पदरासकट, आणि दोन बोटं जास्त धरा. फुलांची जाडी आत येते, म्हणून नेमक्या मापाचा मुकुट बसत नाही. तांब्याच्या बारीक तारेचे दोन वेढे, त्यावर सुती पट्टी गुंडाळलेली. उघडी तार मूर्तीचा रंग खरवडते. मोगऱ्याच्या कळ्या दुपारी मिटलेल्याच तोडा, ओल्या फडक्यात ठेवा आणि पाचनंतर गुंफा. मुकुट चढेपर्यंत त्या उमलू लागतात. सकाळी उमललेली फुलं ओवली तर संध्याकाळी तपकिरी पडतात. वर पाणी शिंपडू नका. मूर्ती पीओपीची असते, ओल आत शिरली की कपाळावरच्या रंगाचे पोपडे निघतात. त्याच कारणाने मुकुट रात्रभर तसाच न ठेवता, सगळे पांगले की उतरवून घ्यावा आणि डोकं कोरड्या मऊ फडक्याने टिपावं.