विषाची परीक्षा

परवा तापाची गोळी जिभेलाच चिकटून बसली. वर दोन घोट पाणी प्यायलो तरी हटेना. तोंड नुसतं कडूजहर झालं. चेहरा वेडावाकडा करता करता मनात आलं, 'कडू' आणि 'जहर' यांची गाठ आपल्या भाषेने किती नेमकी मारली आहे!

झाडं कडू होतात ती आपल्याला बरं करायला नव्हे. झाडाला पळता येत नाही. कीड लागो, बकरी येवो, बुरशी चढो, जागेवर उभं राहूनच निभवायचं. मग ते पानात, सालीत, मुळांत काहीबाही कालवून ठेवतं. त्याच्या लेखी ते शस्त्र. औषध हे नाव आपण दिलेलं. 'नैसर्गिक आहे, अपाय कसला?' असं कोणी ठामपणे म्हणालं की मला म्हणूनच हसू येतं.

एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्रज पाद्र्याने एकदा विलोची, म्हणजे वाळुंजाच्या भाऊबंदाची, साल सहज चावून पाहिली. लागली सिंकोना झाडाच्या सालीसारखी कडू. सिंकोना हिवतापावर चालतो, मग ही का नाही? शिवाय ओल्या जागी हिवताप होतो, विलोही ओल्या जागीच वाढतो, तेव्हा दुखण्याशेजारीच दवा असणार! तर्काच्या परीक्षेत हा गडी नापास. पण त्याने साल पावाच्या भट्टीपाशी वाळवली, कुटली, पन्नासेक आजाऱ्यांना दिली आणि १७६३ मध्ये रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेला पत्र धाडलं: ताप उतरतो. पुढे १८२८ मध्ये सालीतलं गुणकारी द्रव्य, सॅलिसिन, हाती लागलं आणि १८९९ मध्ये त्याच घराण्यातली अ‍ॅस्पिरिन बाजारात आली.

विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरचं काम याहून जोखमीचं. अंगावर सूज आलेल्यांसाठी एक बाई घरगुती काढा देई. त्यातल्या वीसेक वनस्पतींमधून त्याने फॉक्सग्लोव्ह नेमकी हेरली. ही मात्रेबाहेर गेली तर हृदयच बंद पडायचं. विषाची परीक्षा पाहू नये म्हणतात. याने ती दहा वर्षं पाहिली, तीही मात्रा मोजूनमापून. १७८५ मध्ये सगळं छापलं, गुण न आलेले रोगीसुद्धा. मला तर तेच पान सर्वांत मोलाचं वाटतं. त्या झाडाच्या भावंडाच्या पानांतून आजही डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध काढतात. गोळीत औषध किती? पाव मिलिग्रॅम, कधी त्याहूनही कमी.

आणि सदाफुली! कुंडीत कुणी लक्षही देत नाही तिच्याकडे. कॅनडातले संशोधक १९५० च्या दशकात तिच्यात मधुमेहाचं औषध शोधत होते. उंदरांची साखर ढिम्म हलली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र भराभर घटल्या. दुसरा कोणी असता तर वही मिटून उठला असता. पण रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. व्हिनब्लास्टिन आणि पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधं आली ती या सदाफुलीतूनच. चिमूटभर औषधासाठी वाळल्या पाल्याचे ढीग लागतात.

माझी ती तापाची गोळी मात्र झाडाची नव्हेच. पॅरासिटामॉल. तिचे पूर्वज दगडी कोळशाच्या डांबरातून निघाले. आता दगडी कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडलं गेलेलं जंगलच की!