आईचं लंडनचं विमान आणि इन्सुलिनची वेळ

तिकिटावर छापलं होतं: मुंबईहून सुटणार पहाटे 2.15, हीथ्रोला पोचणार सकाळी 7.15. आई म्हणाली, "पाच तास? एवढा वेळ तर आपल्याला एसटीने नाशिकला लागतो!"

मला मात्र धास्ती होती. तिचं वय 71, रात्री 10 ला इन्सुलिन, आणि ती एकटी माझ्या बहिणीकडे निघालेली. विमान किती वेळ हवेत असेल हे नेमकं कळल्याशिवाय तिचं खाणं आणि औषध ठरणार नव्हतं.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, हे आधी तिला समजावलं. सप्टेंबरात लंडन आपल्या साडेचार तास मागे. म्हणजे तिथले 7.15 हे आपले पावणेबारा, आणि प्रवास साडेनऊ तासांचा. अंतर साधारण 7,200 किलोमीटर. भाच्याच्या पृथ्वीगोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून धरला, तर तो इराण, कास्पियन समुद्राचा कोपरा आणि युक्रेनवरून गेला. पण फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद आहे, त्यामुळे विमानाला दोऱ्याची वाट धरता येत नाही, वळसा पडतो. शिवाय त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात.

खरा घोळ इन्सुलिनचा होता. निघताना 10 ला घेतलं आणि पुढचं लंडनच्या 10 ला, तर मध्ये साडेअठ्ठावीस तास जातात. डॉक्टरांनी सांगितलं, पहिल्या दिवशी भारताचंच घड्याळ पाळा, म्हणजे तिथे संध्याकाळी साडेपाचला घ्या, मग रोज थोडं थोडं पुढे सरका. हे आईपुरतं, ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं. इन्सुलिन केबिन बॅगेतच ठेवलं, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, दशम्या आणि ग्लुकोजची बिस्किटं.

बाबांचं एचएमटी घड्याळ मी तिच्या डाव्या मनगटावर बांधलं. "याला हात लावायचा नाही. हे डोंबिवलीचं."

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवली होती, तो भाग सुरळीत पार पडला. दुपारी बहिणीचा फोन आला, आई उतरली होती. दशम्या संपल्या होत्या आणि साखर 142.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे गेली आणि फरक साडेपाच तासांचा झाला. ते आधी आईच्याच लक्षात आलं, मनगटाकडे बघून. नोव्हेंबरातलं परतीचं तिकीट रात्री 9.30 ते सकाळी 11.45 असं होतं. या खेपेला हिशोब तिनेच फोनवर करून दाखवला: "पावणेनऊ तास. वारा पाठीशी आहे ना!"

मुंबईत ती बाहेर आली तेव्हा दोन्ही हात पुढे केले. उजव्या हातावर लंडनचे सव्वासात, डाव्यावर बरोबर पाऊण.