तुम्ही विचारलंत म्हणून: पूर अलमट्टीमुळंच येतो ना?

जून तोंडावर आला की हा प्रश्न ठरलेला. "कोल्हापूरचा पूर अलमट्टीमुळं येतोय न्हवं? मग त्यात हवामान बदल कशाला आणताय?"

अलमट्टी म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेलं धरण. त्याचा काहीच संबंध नाही, असं आम्ही म्हणत नाही. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला वाट मिळत नाही, पाण्याला फुग येते, आणि त्याचा जाच शिरोळला सगळ्यांत जास्त. पण कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट असताना 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर चढलं, ते मुळात वरून आलं.

हिशेब करा. घाटाकडच्या 100 चौरस किलोमीटरवर 300 मिलिमीटर पाऊस पडला तर 3 कोटी घनमीटर पाणी होतं, म्हणजे एक टीएमसीहून (एक अब्ज घनफुटांहून) थोडं जास्तच. भोगावतीवरचं राधानगरी धरण अख्खं 8.36 टीएमसीचं. जमीन आधीच भिजून चिंब असेल तर यातलं बहुतेक पाणी थेट ओढ्यात येतं, आणि पंचगंगेला मिळणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकदमच फुगतात.

हवा एक अंशानं तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते. कोळसा-तेल जाळून आपण ती तापवलीय, अरबी समुद्रही तापलाय, आणि ते बाष्प सह्याद्रीला अडून इथं उतरतं. मध्य भारतात विस्तृत भागावर कोसळणारा अतिमुसळधार पाऊस 1950 ते 2015 मध्ये तिपटीनं वाढल्याचं पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांसह झालेल्या अभ्यासात 2017 मध्ये दिसलं.

आता धरण. राधानगरीचे सातही स्वयंचलित दरवाजे धरण भरल्यावरच उघडतात, प्रत्येकी 1428 क्युसेक (सेकंदाला घनफूट). आधी जागा करायची तर वीजगृहातून निघतं सुमारे 1500 क्युसेक. नुसत्या त्या वाटेनं एक टीएमसी काढायला साडेसात दिवसांहून जास्त लागतात. पाणी सोडायचं वेगळं सेवाद्वार उघडता येतं, पण पुढं पाऊस दगा देईल आणि ऊस वाळला तर शिव्या कोण खाणार? म्हणून जुलैत धरण रिकामं ठेवायला कुणी धजत नाही. हा पेच खरा आहे, त्यात आम्ही कुणाला एकट्याला दोष देणार नाही.

पूररेषेबाबत मात्र सबब नाही. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, तरी भराव पडतात. आणि या रेषा मागच्या नोंदींवरून आखायच्या, तर 2019 नंतर दोनच वर्षांत पुन्हा 2021! म्हणजे जुन्या नोंदी आता पुरत नाहीत. शिरोलीजवळ महामार्गही दोन्ही वेळा बंद पडला. भरावाऐवजी खांबांवर रस्ता हवा, हे सगळे पक्ष पाणी असेपर्यंत बोलतात. शेजारच्या राज्याकडं बोट दाखवणं त्या मानानं स्वस्त.

प्लॉट घेताय? "शिवाजी पुलावर मच्छिंद्री झाली का", म्हणजे पुराचं पाणी पुलाच्या कमानींवरच्या ठरलेल्या खुणेला टेकलं का, एवढ्यावर ठरवू नका. पूररेषेच्या नकाशावर गट नंबर शोधा, शेजारच्या भिंतीवर 2021 च्या पाण्याची खूण बघा, आणि जोतं तिच्या किमान दोन फूट वर येणार नसेल तर विसार देऊ नका.