मेनू बदलला, मक्याचा टॉर्टिया गेला

मंगळवार, रात्री

कोपऱ्यावरच्या मेक्सिकन रेस्टॉरंटचा नवा मेनू आला. पदार्थ कमी झाले याचं वाईट वाटत नाही. तीन प्रकारच्या मोलेंपैकी (मोले म्हणजे सुक्या मिरच्या आणि मसाल्यांचा दाट रस्सा) एकच ठेवलं, हे तर बरंच झालं. मोलेतली एक जरी सुकी मिरची करपली तरी सगळं भांडं कडवट होतं, त्यामुळे एकच नीट केलेलं चांगलं.

सलतं ते टॅकोचं. आता ते मैद्याच्या टॉर्टियात, म्हणजे पातळ मेक्सिकन पोळीत, मिळणार. कारण समजतं. मक्याचा टॉर्टिया म्हणजे आदल्या दिवसापासूनचं काम. एक किलो सुक्या मक्याला साधारण दहा ग्रॅम खाण्याचा चुना आणि तीन लिटर पाणी घ्यायचं, अर्धा-पाऊण तास मंद उकळायचं आणि रात्रभर तसंच भिजू द्यायचं. सकाळी साल बोटांनी सुटली पाहिजे, पण दाण्याचा गाभा थोडा टणक राहिला पाहिजे. जास्त शिजला तर दळल्यावर पीठ चिकट होतं. धुतानाही बेतानं, कारण सुटलेल्या सालीचा चिकटपणाच पीठ बांधून ठेवतो. पिठाचा गोळा प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून दाबल्यावर कडा चिरल्या तर पाणी कमी आहे, प्लास्टिकला चिकटलं तर जास्त. हे सगळं जमलं की तापल्या तव्यावर दुसऱ्यांदा उलटल्यावर टॉर्टिया फुगतो. एवढं करणारा माणूस स्वयंपाकघरात नसेल तर मैद्याचा तयार टॉर्टिया सोपा पडतो, पण त्यात मक्याचा वास नाही.

दुसरा बदल अल पास्तोरचा, म्हणजे मसाल्यात मुरवून भाजलेल्या पोर्कचा. उभ्या सळईवरचं पोर्क गेलं, आता तव्यावर परततात. सळईवर बाहेरचा थर खरपूस होतो, तो पातळ कापून काढला की आतला आगीसमोर येतो. गिऱ्हाईक सतत नसेल तर मांस तिथेच वाळत राहतं, म्हणून सळई काढणं समजू शकतं. मात्र तव्यावर करायचं तर एका वेळी थोडंच घालावं. गर्दी केली की मसाल्याचं पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. मुरवताना ताज्या अननसाचा रस असेल तर दोन-तीन तास पुरेत. रात्रभर ठेवलं तर त्यातलं एन्झाइम मांसाचा लगदा करतं. डब्यातल्या अननसाला आधीच उष्णता दिलेली असते, म्हणून त्यात ही भीती नाही. अननसाच्या फोडी वेगळ्या भाजून वरून घालाव्यात.

हिरवा साल्सा तसाच आहे, आणि चांगला आहे. टोमॅटिलो (हिरव्या टोमॅटोसारखं आंबट फळ) फुटायच्या आत पाण्यातून काढतात हे चवीवरून कळतं.

त्यांना एकच सुचवायचं आहे: शुक्रवार-शनिवारी, गर्दी असते तेव्हा, सळई लावा आणि मक्याचे टॉर्टिया करा. इतर दिवशी कार्निटास पुरेसे आहेत. चरबीत मंद शिजवलेलं ते पोर्क वाट पाहून बिघडत नाही, आणि वाढताना तव्यावर कडा कुरकुरीत केल्या की ताजंच लागतं.